दहा वर्षं डंबेल्स मारणारा राजा : औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि छाती कमावण्याचं गणित

रेणापूर : पोलीस भरतीची चाहूल लागली की आपल्या तालुक्यात दोन गोष्टी हमखास दिसतात. पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणारी पोरं, आणि टेलरकडचा टेप आणून एकमेकांची छाती मोजणारी पोरं. मुलांना छाती न फुगवता ७९ सेंटिमीटर लागते, आणि फुगवल्यावर आणखी ५ सेंटिमीटर भरावी लागते. धावण्यात पहिला आलेला गडी टेपात अर्ध्या सेंटिमीटरनं मागं राहिला, असं एक तरी नाव प्रत्येक गावात निघतं.

माझा पुतण्या त्यातलाच. मागच्या दिवाळीपासून तो जिमला जायला लागला. घाईघाईत बेंचवर वजन वाढवत गेला आणि तीन महिन्यांत उजवा खांदा धरला. पाण्याची कळशी उचलताना तोंड वाकडं करायचा. छाती किती वाढली म्हणून मोजलं तर पाऊण सेंटिमीटर. तेव्हा मला औंधच्या राजाची आठवण झाली. ह्या राजानं छातीसाठी दहा वर्षं वजनं मारली होती, तीही थेट विलायतेहून सामान मागवून.

औंध म्हणजे आपलं औंढा नागनाथ नव्हे, आणि पुण्यातलं औंधही नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातलं हे औंध. तिथं डोंगरावर यमाईचं देऊळ आहे. यमाई म्हणजे रेणुकाच, असं भाविक मानतात. तेव्हा आपल्या रेणापूरच्या रेणुकादेवीचं आणि औंधचं नातं तसं घरातलंच.

भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ह्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. लोक त्यांना बाळासाहेब म्हणत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले, वडिलांच्या हाताखाली संस्थानचा कारभार शिकले. गादी काही त्यांना लगेच मिळाली नाही. वडिलांनंतर थोरला भाऊ आला, मग त्या भावाचा मुलगा आला, त्याला इंग्रजांनी बाजूला केलं आणि १९०९ साली बाळासाहेब गादीवर बसले. तेव्हा त्यांचं वय ४१. संस्थान तरी केवढं? ७२ गावं. तीही एका जागी नाहीत. औंध इकडं, आटपाडी तिकडं, कुंडल आणखी एकीकडं, आणि काही गावं विजापूरच्या बाजूला. वाटणीत भावकीची जमीन जशी चार ठिकाणी तुकड्या-तुकड्यानं येते, तसं.

आता छातीकडं येऊ.

त्या काळात जगात एका माणसाच्या अंगाचा फार बोलबाला होता. यूजेन सँडो. जन्म १८६७ चा, प्रशियातल्या क्योनिग्सबर्गचा, म्हणजे बाळासाहेबांपेक्षा एकाच वर्षानं मोठा. खरं नाव म्युलर. १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर त्यानं सॅमसन नावाच्या नामांकित पहिलवानाला ताकदीच्या खेळात हरवलं आणि रातोरात प्रसिद्ध झाला. १८९३ मध्ये अमेरिकेत शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी त्याचे खेळ पाहायला झुंबड उडायची. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्यानं शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली. परीक्षकांत शेरलॉक होम्स लिहिणारे कॉनन डॉयल होते. आजही मिस्टर ऑलिंपियाला जो पुतळा बक्षीस देतात तो ह्याच सँडोचा. १९०५ च्या आसपास तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. आणि आपण बिनबाह्यांचं जे बनियन घालतो, त्याला सँडो म्हणतात ते ह्याच्याच नावावरून. पाळी धरताना, फवारणी करताना अंगात असतं ते सँडो, पण तो माणूस कोण होता हे आपल्याला कुणी सांगितलं नाही.

सँडोची पुस्तकं, तक्ते आणि डंबेल्स टपालानं जगभर जायची. त्याच्या खास डंबेलचे दोन भाग असायचे आणि मधे स्प्रिंग. मुठीत दाबून धरायचं आणि मग व्यायाम करायचा. गंमत अशी की स्टेजवर हा माणूस प्रचंड वजनं उचलायचा, पण लोकांना शिकवताना हलकी डंबेल्स द्यायचा. वजन हलकं ठेवा, पण ज्या स्नायूचा व्यायाम चालू आहे त्याच्यावर लक्ष एकवटा, आरशासमोर उभं राहून करा, आणि महिन्याला टेपानं माप घेऊन लिहून ठेवा, असं त्याचं सांगणं. आजच्या जिममधले आरसे उगीच नाहीत.

१८९७ च्या सुमारास बाळासाहेबांनी सँडोचं सगळं सामान आणि पुस्तकं मागवली. आणि नुसती मागवून कपाटात ठेवली नाहीत. सलग दहा वर्षं, सांगितल्याबरहुकूम, नेमानं व्यायाम केला. आपल्यापैकी किती जणांनी कुठलीही एक गोष्ट दहा वर्षं नेमानं केली, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आणि गप्प बसलो. ठिबकच्या नळ्या मी स्वतः दोन वर्षांत गुंडाळून ठेवल्या होत्या.

मग १९०८ साली मिरजेचे राजेसाहेब त्यांना भेटले. ते सूर्यनमस्कार घालायचे. त्यांच्या सांगण्यावरून बाळासाहेबांनी नमस्कार धरले आणि ते मरेपर्यंत सोडले नाहीत. नमस्कार त्यांनी शोधले असं नाही. ते आपल्या आखाड्यांत, देवळांत, समर्थांच्या मठांत आधीपासून होतेच. पण तोवर कुणी ते शाळेत नेले नव्हते, त्याची मोजणी-मापणी केली नव्हती. ह्या राजानं त्याची दहा स्थितींत नीट मांडणी केली, श्वास कुठं घ्यायचा, कुठं सोडायचा हे ठरवलं, बीजमंत्र जोडले. हात एकदा जमिनीवर टेकले की नमस्कार पूर्ण होईपर्यंत ते जागचे हलवायचे नाहीत, हा त्यांचा कटाक्ष. संस्थानच्या शाळांत मुला-मुलींना नमस्कार सक्तीचे केले. घरात राणीसाहेबही घालायच्या. शंभर वर्षांपूर्वी बाईमाणसानं व्यायाम करायचा आणि त्याबद्दल उघडपणे लिहायचं-बोलायचं, हे साधं नव्हतं.

१९३६ साली ते विलायतेला गेले. वय सदुसष्ट-अडुसष्ट. तिथं त्यांचं अंग आणि चपळाई पाहून एक बाई थक्क झाल्या. लुईझ मॉर्गन, वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या. त्यांनी ह्या नमस्कारावर लेखन केलं, आणि १९३८ मध्ये लंडनहून राजेसाहेबांचं इंग्रजी पुस्तक निघालं. म्हणजे बघा, ज्या लंडनमधून डंबेल्स मागवली होती त्याच लंडनला त्यांनी नमस्कार पाठवला. त्यांच्या नमस्काराची जुनी मूक फिल्मही आहे, मोबाईलवर शोधली तर सापडते. कापडी लंगोट, सरळ पाठ, कुठं घाई नाही. पुतण्याला मी ती तीनदा दाखवली.

इथं मला एक बोलायचं आहे. नमस्कारवाले लोक ही गोष्ट सांगताना म्हणतात की राजानं डंबेल्स फेकून दिली आणि नमस्कारानं देह कमावला. हिशोब इतका सोपा नाही. नमस्कार धरला तेव्हा त्यांच्या मागं दहा वर्षांची वजनाची मेहनत होती. वयाच्या चाळिशीत आधीच कमावलेली छाती नमस्कारानं राखणं वेगळं, आणि वीस वर्षाच्या सडपातळ पोरानं नुसत्या नमस्कारावर छाती रुंद करायला जाणं वेगळं. राजेसाहेब स्वतः नमस्काराचे इतके भक्त झाले होते की बहुतेक सगळ्या दुखण्यांवर तोच इलाज सांगायचे. तेवढं काही मला पटत नाही. पण दहा वर्षं एक करून पाहिलं आणि मग चाळीस वर्षं दुसरं करून पाहिलं, असा माणूस बोलतो तेव्हा ऐकावं लागतं.

आता सरळ कामाचं. पुतण्याचा खांदा का गेला ते मी लातूरच्या एका जाणत्या व्यायाम शिक्षकाकडून समजून घेतलं, आणि बाकी स्वतः करून पाहिलं.

छातीचा मोठा स्नायू पंख्यासारखा असतो. एक टोक गळपट्टीच्या हाडाला आणि छातीच्या मधल्या हाडाला, दुसरं टोक दंडाच्या हाडाला. त्याचं मुख्य काम म्हणजे दंड शरीरासमोर आत ओढणं. पेंढी छातीशी कवटाळतो ना, ते काम. त्यामुळं वजन नुसतं वर गेलं म्हणजे छाती झाली असं नाही. खांदा आणि दंडाचा मागचा स्नायू सगळं वजन ढकलून टाकतो आणि छाती झोपलेली राहते. आमच्या गड्याचं हेच झालं होतं.

बेंचवर झोपलं की आधी दोन्ही पाठीची पाती मागं आणि खाली ओढून बेंचला घट्ट चिकटवायची. छाती आपोआप वर येते. पाय जमिनीवर पक्के, बूड बेंचवरून उचलायचं नाही. अंगठा बारभोवती गुंडाळलेला पाहिजे. अंगठा मोकळा ठेवला आणि बार निसटला तर सरळ गळ्यावर. कोपर खांद्याच्या रेषेत आडवे ताणायचे नाहीत. बैलगाडीच्या जुवासारखे सरळ आडवे कोपर झाले की खांद्याचं वाटोळं होतं. थोडे कंबरेकडं झुकलेले ठेवायचे. बार खाली आणताना दोन-तीन सेकंद घ्यायचे, छातीच्या खालच्या भागावर हलकेच टेकवायचा, आदळून उडवायचा नाही, आणि श्वास सोडत वर न्यायचा. खाली आणताना घाई करणाऱ्याची निम्मी मेहनत वाया जाते.

वजन किती? आठ ते बारा वेळा नीट उचलता येईल आणि शेवटचे दोन अवघड जातील, तेवढं. असे तीन सेट, मधे दोन मिनिटं दम. तिन्ही सेटमध्ये बारा जमायला लागले की मगच अडीच किलो वाढवायचे. आणि मोठ्या जिममधला तो सरळ लांब बार स्वतःच २० किलोचा असतो, हे बरेच जण मोजतच नाहीत. पुतण्या ४० उचलतोय असं समजत होता, तो खरं तर ६० उचलत होता! दोन दिवसाआड, आठवड्यातून दोनदा छाती पुरे. रोज छाती मारणारा म्हणजे रोज त्याच रोपाला पाणी देणारा, मुळं कुजतात. वरची छाती भरत नसेल तर बेंच थोडा तिरका करून घ्यावा. जितकं ढकलतो तितकं ओढायलाही पाहिजे, म्हणजे पाठीचा व्यायाम. नाहीतर खांदे पुढं वाकतात आणि छाती असूनही दिसत नाही. वजन मोठं असेल तर मागं एक माणूस उभा असल्याशिवाय हात घालायचा नाही.

जिम नसली तरी अडत नाही. जोर मारताना अंगाच्या वजनाचा साधारण दोन तृतीयांश भार हातावर येतो. ६० किलोचा पोरगा असेल तर ४० किलोच्या आसपास. जोर सोपे झाले की पाय ओट्यावर ठेवायचे, नाहीतर पाठीवर पिशवी बांधून त्यात थोडं थोडं वजन टाकत जायचं. सोयाबीनचा अख्खा कट्टा पाठीवर घेऊन जोर मारायचा शहाणपणा मात्र करू नका.

आणि भरतीचं ते पाच सेंटिमीटर? ते वेगळंच प्रकरण आहे. ७९ चं माप भरायला स्नायू लागतो, छातीचाही आणि पाठीचाही, कारण टेप गोल फिरतो. पण फुगवण्याचं पाच सेंटिमीटर स्नायूच्या जाडीतून येत नाही. ते बरगड्या उघडण्यातून येतं. रोज बेंच मारून कडक झालेला गडी कधी कधी टेपात चारच भरतो आणि साधा पळणारा सडपातळ पोरगा सहा भरतो. बरगड्या उघडायला लागतो खोल, बाजूनं भरलेला श्वास आणि ताणलेली छाती. इथं राजेसाहेबांचा नमस्कार कामाला येतो. साष्टांगात कपाळ, छाती, गुडघे टेकायचे, पोट उचललेलं ठेवायचं, आणि त्यानंतर हात सरळ करत छाती पुढं काढून मान मागं न्यायची. तिथं फासळ्या मोकळ्या होतात. ते घाईनं उरकलं तर काही हाती लागत नाही.

पुतण्याला एक महिना बार धरूच दिला नाही. खांदा डॉक्टरला दाखवला, दुखणं थांबेपर्यंत सकाळी फक्त सावकाश नमस्कार. मग रिकाम्या बारपासून पुन्हा सुरुवात. पोरगा चिडला होता. बरोबरची पोरं मोठी वजनं मारतात आणि ह्यानं रिकामा बार हलवायचा, म्हणजे लाज. राजाचं उदाहरण तिथं उपयोगी पडलं. तोही हलक्या डंबेल्सवर दहा वर्षं होता.

बाळासाहेबांची गोष्ट इथं थांबत नाही. छाती कमावलेले लोक बहुतेक आरशापुरतेच राहतात. ह्या माणसानं आपली ताकद कुठं कुठं खर्च केली ते पाहा.

आपल्या शेतातला लोखंडी नांगर आणि विहिरीवरचा किर्लोस्कर पंप. बेळगावातून कारखाना हलवावा लागला तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना जागा कुणी देईना. १९१० साली ह्या राजानं कुंडलजवळ माळरान दिलं, बिनव्याजी पैसे दिले, आणि तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. ओगले बंधूंचा काचकारखाना त्यांच्याच संस्थानात वाढला. ज्यांच्या घरी कंदील होता त्यांना ओगले नाव माहीत असेल. वेदांचे पंडित सातवळेकर औंधला येऊन राहिले. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची शुद्ध प्रत करण्याचं काम सुरू झालं त्यामागंही त्यांनी लाखाची देणगी दिली. स्वतः चित्रं काढायचे, अख्खं रामायण चित्रांत काढून छापलं, कीर्तन करायचे. माडगूळकर औंधच्या शाळेत शिकले. साने गुरुजीही काही काळ तिथं होते.

सगळ्यात मोठी गोष्ट १९३८-३९ ची. हिंदुस्थानातले बाकी राजे गादी घट्ट धरून बसले होते तेव्हा ह्यांनी गांधीजींच्या सल्ल्यानं घटना करवून घेतली आणि कारभार गावपंचायतींच्या हातात दिला. मुलगा अप्पासाहेब पंत त्यात पुढं होते, आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन नावाचे एक इंजिनिअर. त्याच काळात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मोकळी वसाहत झाली. भिंत नाही, कुलूप नाही, कैदी शेती करतात. व्ही. शांतारामांचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच निघाला. आता सरपंचाच्या खुर्चीसाठी गावात जे चालतं ते पाहिल्यावर, चालती गादी आपणहून खाली ठेवणारा माणूस कसा असेल ह्याचा अंदाज लागत नाही. मला तरी त्यांच्या नमस्कारापेक्षा हीच गोष्ट जड वाटते.

१९४८ च्या मार्चमध्ये औंध संस्थान विलीन झालं. सँडो १९२५ मध्येच गेला होता, ५८ व्या वर्षी. लंडनमध्ये त्याच्या कबरीवर कित्येक वर्षं नावाचा दगडसुद्धा नव्हता. बाळासाहेब १३ एप्रिल १९५१ ला गेले. वय ८२. औंधला यमाईच्या डोंगराच्या वाटेवर त्यांनी बांधलेलं श्री भवानी संग्रहालय आहे. राजा रविवर्म्याची चित्रं आहेत, हेन्री मूर नावाच्या जगप्रसिद्ध शिल्पकाराची दगडी आई आणि मूल आहे. यमाईच्या दर्शनाला कुणी गेलं तर दोन तास काढून जरूर बघावं.

पुतण्याचं म्हणाल तर खांदा आता बरा आहे. बार धरून ४५ किलो उचलतोय, ह्या वेळी बारचे २० धरून. गेल्या रविवारी टेप लावला. न फुगवता ८० भरली, फुगवून ८५ ला दोरा कमी. आठवडाभरानं पुन्हा मोजणार आहोत.